जुनं नाणं घासण्याआधी: काय टाळायचं आणि करायचंच झालं तर कसं

घरातल्या जुन्या डब्यात नाणी सापडली की ती बहुतेक वेळा थेट स्वयंपाकघरात जातात. चिंच, लिंबू-मीठ, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, यातलं काही ना काही हाताशी असतंच. थोड्या वेळात काळंकुट्ट तांबं गुलाबी होतं, राणीछाप रुपया लखलखायला लागतो आणि साफ करणाऱ्याला वाटतं, आता याला किंमत येईल. मग तेच नाणं जाणकाराकडे जातं. तो भिंगातून क्षणभर बघतो, नाणं दिव्याखाली फिरवतो आणि म्हणतो, "घासलंय." त्याच्या तोंडून हे निघालं की भावाची बोलणी तिथून खालीच जातात.

संग्राहकांचा हा हट्ट पुष्कळांना विचित्र वाटतो. मळकं नाणं चांगलं आणि स्वच्छ नाणं वाईट, हे कसं? कारण समजलं की कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हेही आपोआप ठरतं, म्हणून आधी कारण बघू.

नाण्याच्या अंगावर नेमकं काय असतं

दोन ठशांमध्ये धातूची चकती दाबली जाते तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो. या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर राहतात. साध्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण न वापरलेलं नाणं एका दिव्याखाली हळूहळू तिरकं करत फिरवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. संग्राहक याला लस्टर म्हणतात. पॉलिशने आणलेली चकाकी वेगळी असते: ती सगळीकडून एकसारखी, सपाट चमकते आणि नाणं फिरवलं तरी जागची हलत नाही. त्या रेषा इतक्या उथळ असतात की आम्लात एकदा बुडवल्यानेही पुसट होतात, आणि घासल्यावर तर उरतच नाहीत. एकदा गेलेला लस्टर परत आणायचा कुठलाही उपाय नाही. नाणं पुन्हा ठशात घातलं तरच तो येईल.

त्यावर दुसरा थर काळाचा. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी चांदीची हळूहळू प्रक्रिया होते आणि सिल्व्हर सल्फाइडचा पातळ पापुद्रा चढतो. तो अगदी पातळ असताना पिवळसर दिसतो, जाड होत जाताना सोनेरी, जांभळा, निळा अशा छटा घेतो आणि शेवटी काळा पडतो. तांब्यावर आधी क्युप्राइटचा लालसर तपकिरी थर येतो, मग मातीत किंवा दमटपणात त्यावर हिरवी संयुगं बसतात. हे थर सावकाश चढतात, सगळीकडे एका लयीत चढतात, आणि खालच्या धातूला बऱ्यापैकी सांभाळतातही. यालाच पॅटिना किंवा टोनिंग म्हणतात. बाजारात नकली शिवराया (शिवाजी महाराजांच्या काळापासून पडत आलेली तांब्याची नाणी) भरपूर आहेत. घाईघाईने रसायन लावून काळी केलेली नकली शिवराई आणि खरोखर शतकं काढलेली शिवराई यांतला फरक जाणकार बराचसा या थरावरूनच ओळखतो. म्हणजे खरं नाणं घासणारा माणूस त्याच्या खरेपणाचा पुरावाच मोरीत ओततो.

तिसरी गोष्ट म्हणजे बारकावे, आणि इथे आपल्या भागातली उदाहरणं पुष्कळ आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ही क्षत्रप राजा नहपानाची नाणी होती, आणि त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा आणि अक्षरं अर्धवट डोकावतात. नहपानाच्या पाडावाचा हा ठोस, हातात धरता येणारा पुरावा आहे, आणि तो सगळा त्या खालच्या पुसट खुणांत आहे. कुणी हौसेने ती नाणी घासून लख्ख केली असती तर आधी त्याच खुणा गेल्या असत्या.

राणी व्हिक्टोरियाच्या रुपयांचंही तसंच. १८६२ हे साल पुढची दहाएक वर्षं रुपयांवर तसंच ठोकलं जात राहिलं. त्यातल्या मुंबई टांकसाळीच्या कित्येक रुपयांच्या मागच्या बाजूला बारीक टिंबं दिसतात. ती कुठे आणि किती आहेत हे मोजून रुपया प्रत्यक्षात कोणत्या सुमारास पडला हे अभ्यासक ठरवतात. टिंब किती मोठं? सुईच्या टोकाएवढं. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा इवलासा हत्ती असा उतरला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. नाराजी झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली गेली, आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला गेला. या दोन हत्तींतला फरक बघायला भिंग लागतं. राखेने घासलेल्या रुपयावर तो बघताच येत नाही.

शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' एवढाच मजकूर. पण अक्षरांची वळणं, ऱ्हस्व-दीर्घाचे फरक, कडेच्या टिंबांची रांग, 'दुदांडी' या प्रकारावरच्या दोन आडव्या रेघा, यांवरून प्रकार ठरतात. हाताने ठोकलेल्या नाण्यावर मुळातच अर्धं अक्षर चकतीबाहेर गेलेलं असतं. उरलेलं अर्धं चिंचेत विरघळवू नये.

पहिली पायरी: नाण्याला काही न करता त्याची नोंद

टेबलावर मऊ सुती कापड पसरा, म्हणजे नाणं निसटलं तरी कठीण जागी आपटणार नाही. हात धुऊन कोरडे करा. नाणं नेहमी कडेने, अंगठा आणि तर्जनीत धरायचं. बोटाच्या घामात मीठ आणि आम्लं असतात. तांब्यावर पडलेला बोटाचा ठसा काही महिन्यांनी तपकिरी होऊन कायमचा बसतो. पातळ हातमोजे घातले तर उत्तम, पण त्यात नाणं निसटत असेल तर स्वच्छ कोरडे हातच बरे.

दोन्ही बाजूंचे फोटो काढा. एक सरळ उजेडात, एक बाजूने तिरक्या उजेडात. तिरका उजेड अक्षरं उठावदार करतो. वाचता येत नाही म्हणून घासायला निघालेली निम्मी नाणी तिरक्या उजेडातल्या फोटोत वाचता येतात, हा माझा अनुभव आहे. फोटो मोठा करा, रंग काढून काळा-पांढरा करा, कॉन्ट्रास्ट वाढवा. एवढ्यावर नाणं ओळखू आलं तर साफ करायचं कारणच संपलं.

मग वजन. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा फार महाग नाही. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. पूर्वी शेर हा ८० रुपयांच्या वजनाचा धरत, तो याच हिशेबाने. अधेली (अर्धा रुपया) ५.८३ आणि पावली (पाव रुपया) २.९२ ग्रॅमची. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच, पण फार तफावत असेल तर नाणं नकली असू शकतं, किंवा वर्षानुवर्षं घासून हलकं झालेलं असू शकतं. शिवराईच्या बाबतीत वजनावर एवढा भरवसा ठेवू नका. ती काळानुसार आणि टांकसाळीनुसार बरीच बदलते.

धातू ओळखणंही याच पायरीत येतं. १९३९ पर्यंतचे रुपये ९१.७ टक्के चांदीचे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि बाकी तांबं, निकेल, जस्त. या अर्ध्या चांदीच्या रुपयांवर पिवळट तपकिरी झाक येते, ती त्या मिश्रधातूचा स्वभाव आहे, मळ नाही. १९४७ चा रुपया निकेलचा, तो जवळपास काळवंडतच नाही. १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा कांशाचा. स्वातंत्र्यानंतरचे एक, दोन, तीन पैसे बहुतेक ॲल्युमिनियमचे.

दुसरी पायरी: मळ, रंग की रोग?

सगळा निर्णय इथे होतो. भिंग दहापट मोठं दाखवणारं घ्या आणि तीनच प्रश्न विचारा.

नाण्यावर जे आहे ते वर बसलंय की धातूचाच भाग झालंय? वर बसलेलं म्हणजे माती, तेलकटपणा, मेण, कुंकू, चिकटपट्टीचा गोंद, जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटातला चिकट थर. हा मळ. धातूला न दुखवता तो काढता येतो. धातूशी एकजीव झालेला काळा, तपकिरी, कडक हिरवा थर म्हणजे रंग. त्याला हात लावायचा नाही. आणि फिकट हिरवी, भुकटीसारखी, टोकरली की गळून पडणारी जागा म्हणजे रोग. त्यावर उपाय करावाच लागतो.

मळ की रंग अशी शंका असेल तर रंग समजा आणि सोडून द्या. आणखी शंभर वर्षं तसं राहिलं तरी नाण्याचं काही बिघडणार नाही.

तिसरी पायरी: फक्त मळ असेल तर

डिस्टिल्ड वॉटर आणा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात क्षार असतात. वाळल्यावर त्यांचे डाग राहतात आणि तांब्याच्या खड्ड्यांत क्लोराइड शिरतात. बॅटरीच्या दुकानातून घेणार असाल तर लेबल वाचून घ्या. तिथे पाण्याच्या बाटलीशेजारीच आम्लाची बाटली ठेवलेली असते आणि दोन्ही सारख्याच दिसतात.

काचेच्या वाटीत नाणं ठेवा, बुडेल एवढं पाणी ओता आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जा. एका वाटीत एकच नाणं. दोन धातू एकत्र भिजवू नका. पाणी गढूळ झालं की बदला. मातीने घट्ट भरलेल्या नाण्याला आठवडे लागतात आणि ते लागू द्यावेत. भिजून मऊ पडलेली माती भिजवलेल्या लाकडी टूथपिकने, नाण्याला जवळजवळ न टेकता उचलायची. सुई, ब्लेड, तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, काहीही नाही. मऊ ब्रशने धातू घासला जात नसेल, पण त्यात अडकलेले वाळूचे कण रेघा ओढतात. चमकदार, न वापरलेल्या नाण्याला तर टूथपिकही लावू नका.

तेल, मेण, गोंद किंवा प्लॅस्टिकचा चिकट थर पाण्याने निघत नाही. त्याला शुद्ध ॲसिटोन लागतं, तेही प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातलं. नेलपेंट काढायच्या द्रवात रंग, सुगंध आणि तेल असतं, ते चालणार नाही. ॲसिटोन धातूशी किंवा टोनिंगशी भांडत नाही, फक्त सेंद्रिय चिकटपणा विरघळवतं. म्हणून जगभरचे संग्राहक त्याला साफ करण्यात धरत नाहीत. पण ते पटकन पेट घेतं. गॅस, उदबत्ती, निरांजन, सिगरेट यांपासून दूर, खिडकी उघडी ठेवून, झाकण असलेल्या काचेच्या भांड्यातच वापरा. प्लॅस्टिकची वाटी त्यात विरघळू शकते आणि तो सगळा रस नाण्यावर बसतो. ॲसिटोन गरम कधीही करायचं नाही. काही मिनिटं बुडवा, चिमट्याने कडेला धरून काढा, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये विसळा आणि हवेत वाळू द्या. चिमट्याची टोकं प्लॅस्टिकने मढवलेली असतील तर आधी बघा, तीही विरघळतील.

पाण्यातून काढलेलं नाणं पुसायचं नाही. मऊ सुती कापडावर ठेवून वरून हलकेच टिपायचं. पुसण्याची एक सवयीची चाल असते आणि त्याच चालीने बारीक समांतर रेघा पडतात. जमिनीतून निघालेल्या तांब्याच्या नाण्यात बारीक छिद्रांत पाणी अडकतं. ते शेवटी ॲसिटोनमध्ये बुडवून काढलं की पाणी बाहेर येतं.

सरावासाठी आधी आजच्या चलनातली दोन-चार नाणी घ्या. हात बसला की मग आजोबांच्या रुपयाकडे वळा.

तांब्यावरचा हिरवा रोग

कडक, गडद, गुळगुळीत हिरवा थर म्हणजे मॅलाकाइट, आणि तो बहुतेक वेळा स्थिर असतो. पुष्कळ संग्राहकांना तो हवाच असतो. पण फिकट पोपटी भुकटी वेगळी. तांब्यात शिरलेली क्लोराइडं दमट हवेत आम्ल तयार करतात, ते आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड बनतं, आणि हे चक्र आपोआप चालू राहतं. इंग्रजीतून आलेलं नाव ब्राँझ डिसीज. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर तांब्याच्या नाण्यांवर अचानक हिरवे ठिपके उगवतात ते बहुधा यामुळेच. लिंबू-मिठाने घासलेल्या नाण्यांना हा रोग होण्याची शक्यता जास्त, कारण मिठातलं क्लोराइड आपणच उघड्या तांब्यावर चोळलेलं असतं.

असं नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं करा. कोरड्या टूथपिकने भुकटी अलगद काढा, ती श्वासात जाऊ देऊ नका. खाली खड्डा दिसेल, तो आधीपासून होता. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा बदलत राहा. काही आठवडे तरी. नंतर ॲसिटोनमधून काढून पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. महिनाभराने बघा. भुकटी पुन्हा दिसली नाही तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एकदा बघा.

भुकटी परत परत येत असेल तर गोष्ट घरच्या हातातली नाही. संग्रहालयांतले संवर्धक सोडियम सेस्क्विकार्बोनेटची लांबलचक प्रक्रिया करतात किंवा बेंझोट्रायॲझोल वापरतात. ही रसायनं घरी हाताळायची नाहीत, दुसरं तर निश्चितच नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. दुर्मीळ नाणं असेल तर अशा ठिकाणी विचारणं परवडतं.

चांदीचा काळेपणा: इथे मोह सगळ्यात जास्त

ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी, हा प्रयोग इंटरनेटवर सगळीकडे दिसतो. रसायनशास्त्र खरं आहे, सल्फाइडचं पुन्हा चांदीत रूपांतर होतं. पण ती चांदी मूळच्या पृष्ठभागासारखी बसत नाही. नाणं फिकट, मढल्यासारखं पांढरं दिसतं. भांड्यांसाठी छान, नाण्यांसाठी नाही. चांदी बुडवून काढायची तयार द्रावणं त्याहून वाईट. त्यांत थायोयुरिया आणि आम्ल असतं, आणि सल्फाइडबरोबर त्याखालची चांदीही थोडी विरघळते. एकदा बुडवलं तर कदाचित लक्षात येणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लस्टर संपलेला असतो.

सराफाकडे किंमत विचारायला रुपये नेलेत तर आधीच सांगा, "उजाळू नका." त्याच्या दृष्टीने ती आपुलकी असते, दागिना उजळून देतात तसं. रिठ्याचं पाणी आणि पितळी तारांचा ब्रश एवढ्यानेच नाण्याचं काम तमाम होतं. जुन्या रुपयांवर सराफांनी पारख करून मारलेले बारीक शिक्के असतात, मराठेशाहीतल्या अंकुशी आणि चांदवडी रुपयांवर तर हमखास. त्या खुणा म्हणजे दोष समजून घासून काढणारेही भेटतात. तो त्या रुपयाचा हातोहाती फिरलेला इतिहास आहे, तसाच राहू द्या.

सोन्याची मोहर काळी पडत नाही, पण सोनं मऊ, त्यामुळे रुमालाने पुसलं तरी रेघ. ॲल्युमिनियमच्या पैशांना सोडा, राख, धुण्याची पावडर यांतला अल्कली खातो. सातवाहनांची शिशाची नाणी मिळाली तर ती उघड्या हातांनी फार हाताळू नका. शिसं विषारी आहे, आणि लाकडी पेटी किंवा पुठ्ठ्याच्या डब्यातल्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते.

देवघरातली नाणी

आपल्याकडे कितीतरी घरांत राणीछाप रुपये लक्ष्मीपूजनाच्या ताटातच राहतात. दरवर्षी पंचामृत, हळद-कुंकू, मग घासूनपुसून पुन्हा डबीत. दह्यातलं आम्ल आणि वर्षातून एकदाची घासणी, यांनी दोन पिढ्यांत राणीचा चेहरा सपाट होतो. पूजा बंद करा असं कुणी सांगू नये, आणि ते कुणी ऐकणारही नाही. मधला मार्ग सोपा आहे. आधीच झिजलेले एक-दोन रुपये पूजेचे म्हणून वेगळे ठेवा, अभिषेक त्यांच्यावरच करा. उरलेली चांगली नाणी पूजेला ठेवायचीच असतील तर पारदर्शक कॅप्सूलमध्ये बंद करून ताटात मांडा आणि कुंकू कॅप्सूलला लावा. चुकून पंचामृत लागलंच तर त्याच दिवशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीनदा बुडवून टिपा. हळदीचा पिवळा डाग राहिला तर राहू द्या.

साठवण

नाणं साफ करायची वेळ बहुतेकदा वाईट साठवणीमुळे येते. अल्बममधली मऊ, वास मारणारी, लवचीक प्लॅस्टिकची पानं पीव्हीसीची असतात. काही वर्षांनी त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. आज घरी असा अल्बम असेल तर आजच नाणी बाहेर काढा, या लेखातलं सगळ्यात तातडीचं काम तेच आहे. त्याऐवजी मायलारच्या पारदर्शक फिल्मची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर, पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं किंवा कडक कॅप्सूल घ्या. होल्डरला स्टेपल मारलीत तर तिची टोकं पक्कडीने चपटी करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ती ओरखडे काढते. होल्डरमधून नाणं काढताना आधी पिना काढा. ओढून काढलेल्या नाण्यावर पिनेची रेघ हमखास.

रबरबँड, लोकरी कापड, वर्तमानपत्र यांत गंधक असतं. रबरबँडने बांधलेल्या रुपयांवर नेमकी त्या पट्ट्याएवढी काळी रेघ उमटते. डांबराच्या गोळ्या आणि कापूर नाण्यांच्या कपाटात नकोत. समुद्राजवळ राहत असाल तर सिलिका जेलच्या पुड्या जूनच्या आधी वाळवून घ्या आणि पावसाळ्यात एकदा बदला. रंग बदलणारे मणी असतात, ते पाहून समजतं.

नाणी शेतात किंवा भिंतीत सापडली तर

धुऊ नका, मोजून वेगळी करू नका, मडक्यासकट ठेवा. कोणतं नाणं कुठल्या नाण्याला चिकटलं होतं, माती कसली होती, यांतूनच अभ्यासकाला साठा कधी पुरला गेला ते कळतं. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना आठवण म्हणून जुनी नाणी पाठवण्याआधी १९७२ चा पुरावशेष कायदाही लक्षात घ्या: शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

आधीच घासलेलं नाणं, घरातलं किंवा बाजारातलं

विकत घेताना एकच दिवा लावा आणि नाणं हळू फिरवा. एका दिशेने धावणाऱ्या समांतर रेघा, अक्षरांच्या कोपऱ्यांत काळं आणि मोकळी जागा मात्र लख्ख, जुन्या तांब्यावर ताजा गुलाबी रंग, उंचवट्यांवरही खोलगट जागेइतकाच गडद असलेला काळा थर, यातलं काही दिसलं तर भाव त्याप्रमाणे पाडून मागा किंवा सोडा. एनजीसी आणि पीसीजीएस या प्रतवारी करणाऱ्या कंपन्या साफ केलेल्या नाण्याला १ ते ७० मधला आकडा देत नाहीत. नाणं खरं असल्याचं नोंदवून 'क्लीन्ड' असा शेरा मारतात. १९३९ च्या रुपयासारखं मुळातच कमी मिळणारं नाणं घासलेलं असलं तरी विकलं जातं. १९१८ चा साधा रुपया घासलेला असेल तर मात्र त्याला साधारण चांदीचाच भाव येतो.

घरातलं नाणं कधीकाळी घासलं गेलं असेल तर आता काहीही करू नका. उकडलेलं अंडं, गंधक, बटाटा वापरून पुन्हा काळं करण्याचे प्रयोग ओळखू येतात, आणि मग नाण्यावर दोन दोष होतात. चांगल्या होल्डरमध्ये कोरड्या जागी ठेवा. पंचवीस-तीस वर्षांत त्यावर आपोआप हलकी झाक येते. विकायची वेळ आली तर 'साफ केलेलं' असं होल्डरवर लिहूनच विका.